डिमेन्शियाने मृत्यू आणि डिमेन्शिया असताना मृत्यू

२०१५ ते २०१९ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूच्या कारणांत डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर धरून), पहिल्या क्रमांकावर होता. २०२० मध्ये कोविडने ती जागा घेतली : कोविड १२.१ टक्के, डिमेन्शिया ११.५ टक्के. म्हणजे महासाथीत डिमेन्शियाचा जोर ओसरला? अजिबात नाही. मार्च ते जून २०२० मध्ये कोविडची नोंद असलेल्या मृत्यूंपैकी २५.६ टक्के लोकांना आधीपासून डिमेन्शिया होता. सोबतच्या आजारांत तोच सर्वांत पुढे होता.

ही दोन चित्रं विसंगत वाटतात, कारण आपण दोन वेगळ्या मोजण्या एक समजतो. मृत्यूच्या दाखल्यावर कारणांचे दोन भाग असतात. पहिल्या भागात साखळी : वरच्या ओळीत लगतचं कारण, मग त्यामागचं, आणि सगळ्यात खाली जिथून हे सुरू झालं तो आजार. हे मूळ कारण. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार. क्रमवारी लावताना फक्त मूळ कारण धरतात.

एका रुग्णाचं उदाहरण घ्या. डिमेन्शिया बळावला की गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. दाखल्यावर वर न्यूमोनिया, खाली डिमेन्शिया, मोजणी डिमेन्शियात. याच रुग्णाला कोविड होऊन न्यूमोनिया झाला, तर खालच्या ओळीत कोविड येतो आणि डिमेन्शिया दुसऱ्या भागात सरकतो. माणूस तोच, मेंदूचा आजारही तोच, पण क्रमवारीत त्याचा मृत्यू कोविडच्या खात्यात. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये कोविडला मूळ कारण म्हणून नोंदवण्याचे निकष दिले होते, त्यामुळे यात लपवाछपवी शोधण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे त्याच वसंतात कोविडचा उल्लेख नसलेले डिमेन्शियाचे मृत्यूही पाच वर्षांच्या सरासरीहून जास्त झाले. तपासण्या अपुऱ्या होत्या, त्यामुळे त्यातले काही न ओळखलेले कोविडचे असू शकतात.

आणखी एक खोच : या यादीत कॅन्सर अवयवानुसार तुकड्या-तुकड्यांत मोजतात. सगळे कॅन्सर एकत्र केले तर कोविड आणि डिमेन्शिया दोघेही मागे पडतात.