मूत्रपिंड चालतं मेदावर

सेप्सिस म्हणजे नुसतं ‘रक्तात विष भिनणं’ नव्हे. जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिकार बेताल होतो आणि स्वतःच्याच अवयवांवर उलटतो. 2017 मध्ये जगभरात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला, 1 कोटी 10 लाख दगावले, असा अंदाज आहे. त्यात मूत्रपिंडाला फार लवकर झळ लागते. लघवी कमी होते, रक्तातलं क्रिएटिनिन हे मूत्रपिंडानं गाळून टाकायचं टाकाऊ द्रव्य चढतं, कधी डायलिसिसची वेळ येते.

गाळलेल्या पाण्यातून मीठ, साखर परत ओढून घेणाऱ्या मूत्रनलिकांच्या पेशींना प्रचंड ऊर्जा लागते. ही ऊर्जा त्या मुख्यतः मेदाम्लं, म्हणजे मेदाचे घटक, जाळून मिळवतात. सेप्सिसमध्ये त्यांचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, मंदावतात आणि न जळलेला मेद पेशीत साचू लागतो. बऱ्याच पेशी मरत नाहीत, फक्त काम थांबवतात. मला यातच मोठी आशा दिसते, कारण जिवंत पेशी पुन्हा कामाला लागू शकते.

मेदाम्लं निरोपही पोचवतात. पेशीच्या पटलातल्या, म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या, ओमेगा-6 मेदाम्लांपासून दाह भडकवणारी अनेक द्रव्यं बनतात, तर मासळीतल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लांपासून दाह आवरता घेणारी रेझॉल्विनं. 2006 मध्ये उंदरांच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून पुन्हा सुरू केला, तेव्हा रेझॉल्विन मिळालेल्या उंदरांना इजा कमी झाली.

माणसांत मात्र गाडी अडली. 2011 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाला तीव्र इजा झालेल्या 272 रुग्णांवर ओमेगा-3 युक्त पोषणाची चाचणी झाली. त्यांतल्या अनेकांना सेप्सिस होता. फायदा दिसेना, म्हणून चाचणी अर्ध्यावर थांबवली. माझ्या मते इथे वेळेचा प्रश्न आहे. पटलांतला मेद बदलायला आठवडे लागतात. आयसीयूतल्या रुग्णाकडे तेवढा अवधी नसतो.

मग रोजच्या जेवणाचं काय? बांगडा, तारलीत ईपीए, डीएचए आयतं मिळतं. जवसाच्या चटणीतलं ओमेगा-3 वेगळं. शरीर त्याचं थोडंच ईपीए करतं, डीएचए त्याहून कमी. 2023 मध्ये 12 देशांतल्या 25 हजारांवर लोकांच्या अभ्यासात, रक्तात मासळीतलं ओमेगा-3 जास्त असलेल्यांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार काहीसा कमी आढळला. जवसातल्या प्रकाराबाबत तसं दिसलं नाही. पण तो विकार वर्षानुवर्षं झिजवणारा. सेप्सिस काही तासांत घाला घालतो, आणि तिथे आजही आधार आहे तो वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांचा आणि सलाइनचा.