फॉर्म बी, रेफ्युज एरिया आणि जिना: मुंबईच्या इमारतींतल्या आगीची पार्श्वभूमी

जानेवारी आणि जुलै आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ऑफिसात एक कागद फिरू लागतो: फॉर्म बी. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीने लिहून द्यायचं आणि सोसायटीने ते अग्निशमन दलाकडे पोहोचवायचं. रहिवाशांना बहुधा त्याचा पत्ता नसतो, आणि सेक्रेटरीच्या लेखी ते आणखी एक बिल. या कागदामागे मात्र बराच जुना प्रश्न आहे. आग लागली तर जबाबदारी कोणाची, बंबवाल्यांची की घरवाल्यांची?

१७ फेब्रुवारी १८०३ ला मुंबईच्या कोटात (आजच्या फोर्ट भागात) आग लागली तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलाही नसेल. दाटीवाटीची घरं, त्यात लाकूड भरपूर. आग पसरू नये म्हणून शेवटी तोफा डागून आजूबाजूची घरं पाडावी लागली. त्यानंतर पुष्कळ व्यापारी आणि रहिवासी कोटाबाहेर सरकले, तिथली वस्ती वाढत गेली. पुढे बराच काळ आगीचे बंब पोलिसांच्या अखत्यारीत होते. १८८७ मध्ये शहराला पूर्णवेळ अग्निशमन दल मिळालं. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि या दलाचे ६६ जण गेले. एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहाची पत्रकं गेटवर चिकटवली जातात, ती त्या दिवसाच्या आठवणीत.

राहत्या घरांचा विचार करायचा तर चाळीपासून सुरुवात करावी लागते. दाराबाहेर पाऊल टाकलं की उघडी गॅलरी, गॅलरीच्या टोकाला जिना. धूर घरात कोंडला तरी माणूस मोकळ्या हवेत येतो, आणि ओरडलं की समोरच्या खोलीतला बादली घेऊन धावतो. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. लाकडी तुळयांची इमारत पेटली की कोसळते. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासातल्या आगीने अग्निशमन दलाचे चार अधिकारी नेले.

टॉवर आले आणि गॅलरीची जागा बंद लॉबीने घेतली. चारी बाजूंनी भिंती, मध्ये लिफ्ट, आणि विजेच्या तारांचा डक्ट तळापासून गच्चीपर्यंत सरळ चढलेला. प्रत्येक मजल्यावर तो बंद केलेला नसेल, तर तेच धुराचं धुराडं. खालच्या मजल्यावर पेटलेल्या तारांचा धूर वरच्या मजल्यावर कुणाला जाग येण्याआधी पोहोचतो. गरम धूर वरच जाणार, त्यामुळे ज्वाळा एकाच मजल्यावर असतात आणि माणसं गुदमरतात भलत्याच मजल्यावर.

इमारतीत आगीपासून बचावासाठी काय हवं ते सांगणारी राष्ट्रीय बांधकाम संहिता पहिल्यांदा आली १९७० मध्ये. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने रेफ्युज एरिया घालून दिला: २४ मीटरच्या वर पहिला, पुढे साधारण दर सातव्या मजल्यावर. बाहेरच्या भिंतीला लागून, उघडा आणि कुलूप नसलेला. कल्पना अशी की वीस मजले उतरणं म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही, त्याने जवळच्या मोकळ्या जागेत यावं आणि तिथून त्याला काढावं. ठरावीक मर्यादेपर्यंत ही जागा एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मापात) धरत नाहीत, म्हणजे बिल्डरला ती फुकट पडते. फुकटची जागा आपल्याकडे रिकामी राहत नाही. कुठे शेजारच्या फ्लॅटचं दार त्यात उघडतं, कुठे सोसायटीच्या जुन्या खुर्च्यांची गोदामं होतात. आमच्याकडे तिथे टेबल टेनिसचं टेबल आहे, आणि ते तिथून हलवायला सर्वसाधारण सभेत दोन वर्षं बहुमत मिळालेलं नाही.

जबाबदारीच्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलं २००६ मध्ये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर २००८ पासून लागू झाला. यंत्रणा बसवायची आणि चालू ठेवायची कुणी? इमारतीचा मालक किंवा ताबेदार, म्हणजे आपल्या बाबतीत सोसायटी. फॉर्म बी निघाला तो इथून. माझ्या मते यातला खरा बदल कमी लोकांच्या ध्यानात आला: आग विझवणं दलाकडेच राहिलं, पण दल येईपर्यंतची मिनिटं रहिवाशांच्या खात्यावर टाकली गेली.

ही मिनिटं लांबतातही. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडीची गाडी आहे, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत. पण तिला पाय पसरून उभं राहायला जागा लागते, आणि इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात गाड्या लावलेल्या असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या ६० मजली टॉवरमध्ये आग लागली ती एकोणिसाव्या मजल्यावर. बाल्कनीला लोंबकळलेला सुरक्षारक्षक हात सुटून पडला आणि गेला.

परळच्या क्रिस्टल टॉवरचं ऑगस्ट २०१८ मधलं उदाहरण वेगळं. इमारतीला ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, नव्हती, लोक मात्र राहत होते. चार जणांचा जीव गेला. सोळाव्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून सुती कापडाचे तुकडे ओले केले आणि घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या नाकातोंडाला धरायला दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागली ती पार्किंगमध्ये, गाड्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांना. नियमांचा सगळा भर उंचीवर, आणि ही इमारत काही उंच नव्हती. धूर जिन्यातून चढला. बाहेर पडायची वाट तीच.

जिन्याबद्दल बोलताना वेट रायझर विसरला जातो. लाल रंगाचा जाड पाइप, सतत पाण्याने भरलेला, प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह. तो उघडला की दाब उतरतो आणि तळघरातला पंप आपोआप सुरू होतो, अर्थात पॅनेलचा खटका ‘ऑटो’वर असेल तर. एखादा व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर दाब हळूहळू उतरतो, रात्री दोन वाजता पंप गरजतो, पहिल्या मजल्यावरचे काका वॉचमनला झापतात आणि वॉचमन खटका ‘मॅन्युअल’वर टाकून मोकळा होतो. तो कुणी परत फिरवत नाही. होजच्या पेटीतलं पितळी नोझल तर भंगारवाल्याकडे कधी गेलं, तेही कळत नाही.

मागच्या जुलैत एजन्सीच्या माणसाबरोबर मी स्वतः खाली उतरलो. खटका ‘मॅन्युअल’वरच होता, आणि आधीच्या फॉर्मवर ‘सुस्थितीत’ लिहिलेलं होतं. आता तो ‘ऑटो’वर आहे. पाचव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह अजून ठिबकतोच. त्याखाली बादली ठेवली आहे, आणि प्लंबर रविवारी येतो म्हणालाय.