नवतपात ॲक्सोलॉटलची भूक का जाते?

टाकीत पाळलेला ॲक्सोलॉटल हा पाण्यातला प्राणी खात नाही म्हटलं की नागपुरात पहिला सल्ला मिळतो तो खाणं बदलायचा. गांडूळ नको तर कोळंबी द्या, नाहीतर जंताचं औषध टाका. माझं म्हणणं, आधी पाण्यात थर्मामीटर टाका. एप्रिल ते जूनमध्ये या प्राण्याने तोंड फिरवलं, तर पहिला संशय टाकीतल्या पाण्यावर घ्यावा.

हा मासा नव्हे, सॅलॅमँडरच्या (सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचरांच्या) कुळातला प्राणी आहे. तो जन्मभर डिंभावस्थेत, म्हणजे पिल्लाच्या रूपातच राहतो, म्हणून त्याचे झुपकेदार कल्ले कायम बाहेर दिसतात. मूळ घर मेक्सिको सिटीजवळचं सोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २४ च्या वर त्रास सुरू होतो. शरीर थंड रक्ताचं, त्यामुळे पाणी तापलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो आणि ऑक्सिजन जास्त लागतो. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: १८ अंशांना लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. अन्न पचवायलाही ऑक्सिजन खर्ची पडतो. अशा वेळी त्याने खाणं टाळलं तर नवल नाही.

मग बहुतेकजण टाकीवर छोटा पंखा लावतात. यातलं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते आणि ती उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. साठ लिटरची टाकी एक अंशाने उतरवायला अडीच लाख ज्यूल काढावे लागतात, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅम पाणी उडालं की काम झालं (बाहेरून उष्णता येतच राहते, ती वेगळी). कूलरच्या ताट्या हेच करतात.

पण या थंडाव्याला तळ आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली बाष्पीभवन पाण्याला नेऊ शकत नाही. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा तळ साधारण २३ अंशांवर येतो. म्हणजे नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) कोरड्या दुपारी पंख्याने सगळं साधलं तरी पाणी १८ वर येणार नाही. खोलीत कूलर असला तरी फरक पडत नाही. कूलर हवेचं तापमान उतरवतो आणि तितकीच ओल वाढवतो, त्यामुळे ओल्या फडक्याचा पारा जवळजवळ तिथेच राहतो. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली की तळ २७ वर जातो. तेव्हा पंखा निरुपयोगी. म्हणून नागपुरात ॲक्सोलॉटल पाळायचा तर पाणी थंड करणारा चिलर किंवा एसीची खोली हवीच. ती सोय नसेल तर तो घरी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उष्णतेबरोबर टाकीतल्या घाणीतून येणारा अमोनियाही घातक होतो. पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ८ असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला वाटा १८ अंशांना तीन टक्क्यांच्या थोडा वर असतो, ३० अंशांना सात टक्क्यांच्या पुढे. न खाल्लेला तुकडा टाकीत कुजला की त्यात भरच पडते. तो लगेच काढा. टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला हवेत. नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच भरा.

टाकीतला जीव मेला की घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, असं अनेक घरांत मानतात. या समजुतीमुळे मरणाचं कारण कुणी शोधत नाही आणि पुढचा प्राणी त्याच पाण्यात सोडला जातो. हे थांबलं पाहिजे.

प्रौढ ॲक्सोलॉटल थंड पाण्यात आठवडाभर न खाता सहज राहतो, त्यामुळे दोन दिवसांच्या उपासाने घाबरू नका. बर्फ थेट टाकू नका. तातडीची सोय म्हणून गोठवलेली बंद बाटली ठेवा आणि तापमान हळूहळू उतरू द्या. पाणी थंड आणि स्वच्छ असूनही खात नसेल, कल्ले पुढे वळले असतील, अंगावर कापसासारखी बुरशी दिसत असेल किंवा पोट फुगून तो तरंगत असेल, तर पशुवैद्यकाकडे न्या. टाकीत बारीक खडे असतील तर तेही सांगा. हा प्राणी खडे गिळतो आणि आतडं अडतं.