रॅम वाढवली की पीसी पळतो?

"16 जीबी टाका, मशीन पळेल!" इंदुरात ऑफिसचा पीसी रखडला की हा सल्ला ठरलेला. पुरावा काय, तर टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) मेमरी, म्हणजे रॅम, चालू कामाची तात्पुरती जागा, 70 टक्के भरलेली दिसते.

अहो, 70 टक्के म्हणजे 30 टक्के अजून हाताशी आहे! रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवायला लागतं, तेव्हा रॅममुळे मशीन अडखळतं. त्याआधी नाही. रिसोर्स मॉनिटर या विंडोजच्याच दुसऱ्या खिडकीतला 'फ्री'चा आकडा शून्याजवळ दिसला तरी घाबरू नका. मोकळ्या जागेत विंडोज नुकत्याच वापरलेल्या फायली ठेवतं, गरज पडताच ती जागा सोडतं. बघायचा आकडा 'अव्हेलेबल'चा.

रामबागेतल्या एका हिशेबनीसकाकांकडे परवा हेच झालं. 20 तारीख, जीएसटीचं रिटर्न, टॅली, एक्सेल आणि क्रोमचे डझनभर टॅब. 8 जीबीपैकी 2 जीबी शिल्लक, पण डिस्कचा रकाना लालभडक, 100 टक्के! आत जुनी फिरती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क बसवली, पूर्वी मशीन सुरू होईतो काकांचा चहा संपायचा, आता कप भरलेलाच असतो.

विंडोज 11ची किमान अट 4 जीबीची. तेवढ्यावर काम म्हणजे निव्वळ छळ. टॅली-एक्सेलला 8 चालतं. नवीन घेताना मात्र मी 16च सांगेन, 8-8च्या दोन पट्ट्या. 32 कशाला? व्हिडिओ एडिटिंग करता का तुम्ही? आणि विंडोज 32-बिट, म्हणजे जुन्या घडणीचं असेल, तर 4 जीबीच्या वरची रॅम नुसती शोभेला.