निदानविचार आणि शारीरिक तपासणी : प्रगत परिचर्या

रुग्णाची तक्रार, त्याच्या शरीरावर दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या खुणा आणि चार्टवरचे आकडे यांचा मेळ घालून ‘याला काय होत असावे आणि आता आधी काय करायचे’ हे ठरवणे म्हणजे निदानविचार. रुग्णालयात याला क्लिनिकल रीझनिंग म्हणतात. प्रगत परिचारिका, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊन रुग्णाला स्वतः तपासणारी, चाचण्या सुचवणारी आणि काही देशांत औषधही लिहून देणारी परिचारिका. तिच्या कामाचा हा गाभा आहे. अमेरिकेतील अभ्यासक्रमात तिला तीन विषय अनिवार्य असतात : फिजिकल असेसमेंट, पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी. इंग्रजीत तिन्हींचे आद्याक्षर ‘पी’ असल्याने त्यांना ‘तीन पी’ म्हणतात. वर्गात तपासणी आणि विचार वेगवेगळ्या तासांना शिकवतात, खाटेपाशी मात्र त्यांची फारकत करता येत नाही. मनात प्रश्न कोणता आहे, यावर हात कुठे जाणार ते ठरते. प्रश्नच नसेल तर डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी ही निव्वळ कवायत होते.

पूर्वपीठिका

रुग्णाला पाहून, स्पर्श करून आणि विचारून पारखावे, हे सूत्र वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे : ‘दर्शनस्पर्शनप्रश्नैः परीक्षेत च रोगिणम्’. ही परीक्षा वैद्याने करायची. पण त्याच ग्रंथात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत. तो प्रेमळ, शुचिर्भूत आणि दक्ष असावा, आणि चौथा गुण म्हणजे तो बुद्धिमान असावा. पुढे कित्येक शतके परिचर्येकडून पहिल्या तीन गुणांचीच अपेक्षा झाली, चौथ्याची आठवण फार उशिरा आली.

आधुनिक तपासणीची हत्यारे युरोपातून आली. ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड आऊएनब्रुगर याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतली पोकळी किंवा पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंप किती भरले आहे हे तिथे वाजवून बघत. कुंभाराकडे माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसलीच ही विद्या. पॅरिसच्या रेने लेनेक याने १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावली आणि तिच्यातून स्टेथोस्कोप निघाला. रक्तदाबाचा पट्टा रिव्हा-रॉची याने १८९६ मध्ये आणला, तर पट्टा सैल करताना ऐकू येणारे आवाज निकोलाय कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये नोंदवले. थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप ही सगळी साधने आधी डॉक्टरांची होती. कामाचा रेटा वाढत गेला तशी ती एकेक करून परिचारिकांच्या हाती आली. साधन मिळाले तरी त्यावरून निष्कर्ष काढण्याची मुभा मात्र बराच काळ नव्हती. ‘रक्तदाब ८० आहे’ हे तिने सांगायचे, ‘रुग्ण शॉकमध्ये जातो आहे’, म्हणजे त्याचे रक्ताभिसरण कोसळते आहे, हे म्हणायचे नाही, असा शिरस्ता होता.

तो शिरस्ता मोडण्याची सुरुवात १९६५ मध्ये झाली. ग्रामीण भागात मुलांना डॉक्टर मिळत नाहीत, हे पाहून अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे अशा प्रगत परिचारिकेचा, अभ्यासक्रम उभा केला. न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांची डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात यादृच्छिक विभागणी करून तुलना केली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्राथमिक उपचारांचे परिणाम दोन्हीकडे सारखेच आढळले. आज अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीविना काम करू शकते.

तक्रार ऐकणे

तपासणीला सुरुवात हात लावण्याच्या आधी, कानांनी होते. मराठी बोलणारी परिचारिका इथे नशीबवान आहे, कारण दुखण्याला मराठीत एकच शब्द नाही. ‘कळ’ येते आणि जाते. ती पोकळ नळीच्या, म्हणजे आतडे, मूत्रवाहिनी किंवा गर्भाशय यांच्या, आकुंचनाकडे बोट दाखवते. ‘ठणका’ नाडीबरोबर चालतो, तिथे पू धरला आहे का हे पाहावे. ‘चमक’ नसेची असू शकते किंवा श्वास घेताना फुप्फुसाच्या आवरणाची. ‘रग’ स्नायूंची. ‘जळजळ’, ‘आग’ आणि ‘मुंग्या’ यांचे रस्ते आणखी वेगळे. पुस्तकी तक्त्यात ‘वेदनेचे स्वरूप’ अशी एक रिकामी जागा असते आणि तिच्यात बहुतेक वेळा नुसते ‘दुखते’ असे भरले जाते. रुग्णाने दिलेली आयती माहिती अशी वाया जाते.

उलट काही शब्द फसवे आहेत. ‘चक्कर’ म्हणजे खोली गरगरणे, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा नुसता अशक्तपणा. तिघांची कारणे निराळी, म्हणून ‘चक्कर म्हणजे नक्की काय होते?’ हे विचारावेच लागते. ‘जीव घाबरतो’ हे भीतीचे वर्णन असू शकते, तसे हृदयविकाराचेही. विशेषतः मधुमेही आणि वयस्क स्त्रियांत छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवणे महागात पडते.

पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे

हा चार पायऱ्यांचा नेहमीचा क्रम. पोटाच्या बाबतीत तो बदलतो : पाहिल्यावर आधी ऐकायचे, मग ठोकायचे आणि हात शेवटी लावायचा. दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात आणि दुखले की रुग्ण पोट ताठ धरतो. जिथे दुखते ती जागा सर्वांत शेवटी चाचपावी आणि चाचपताना पोटाकडे नव्हे तर चेहऱ्याकडे बघावे. फुप्फुसे ऐकताना उजवी-डावी बाजू जोडीने ऐकायची, म्हणजे रुग्णाची एक बाजू दुसऱ्या बाजूचे माप ठरते.

पाश्चात्त्य पुस्तकांतल्या काही खुणा आपल्याकडे जपून वापराव्या लागतात. सावळ्या त्वचेवर निळेपणा ओठांवर नीट कळत नाही, जिभेवर पाहावा लागतो. तोही रक्तात सुमारे ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर इतके प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन झाल्यावरच उमटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या बाईचे हिमोग्लोबिन मुळातच ६ आहे, ती निळी पडण्याची वाट पाहत बसणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे. बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पट्ट्यात तर अचानक पांढरे पडलेल्या मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात घालून प्लीहा वाढली आहे का, हे पाहण्याला प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच मोल आहे.

श्वास मोजणे

सगळ्या तपासणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मिनिटाचे श्वास. कोणत्याही वॉर्डातला टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट उघडावा, तापमान आणि नाडी वरखाली झालेली दिसते, श्वास मात्र खाटेमागून खाटेला १८ किंवा २०. इतके शिस्तीत श्वास घेणारे रुग्ण एका जागी जमणे अवघड आहे. पूर्ण मिनिट कोणी मोजलेले नसते.

प्रकृती ढासळताना श्वास बहुधा रक्तदाबाच्या आधी बदलतो. म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या धोका मोजणाऱ्या गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास या एकाच नोंदीला ३ गुण आहेत. एकूण बेरीज ५ झाली तर तातडीने आणि ७ झाली तर तत्काळ वरिष्ठांना बोलवायचे. रक्तस्रावातही असेच. शरीरातले सुमारे १५ टक्के रक्त जाईपर्यंत आकडे फारसे हलत नाहीत, नाडी त्यानंतर धावू लागते आणि रक्तदाब बहुधा ३० टक्क्यांच्या पुढे कोसळतो. बाळंतिणीची नाडी ८४ वरून ११० झाली आणि बीपी अजून ‘नॉर्मल’ आहे, ही वेळ निर्धास्त होण्याची नाही, गर्भाशय घट्ट आहे का हे चाचपून पाहण्याची आहे.

श्वास मोजण्यात किती ताकद आहे, हे गडचिरोलीने दाखवले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या, काही निरक्षर, कार्यकर्त्यांना मुलांचा न्यूमोनिया श्वासावरून ओळखायला शिकवले. त्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण बनवले. श्वास वेगवान कधी म्हणायचा, याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा सुटसुटीत आहेत : २ महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तिथल्याच ३९ गावांतील घरपोच नवजात सेवेच्या प्रयोगाने अर्भकमृत्यू किती घटवता येतात, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आले.

विचार कसा चालतो

अनुभवी परिचारिका खोलीत शिरताक्षणी म्हणते, ‘या आजी सकाळसारख्या नाहीत.’ विचारले तर कारण लगेच सांगता येत नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचर्येतील नवख्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच अवस्था मांडल्या, त्यांत या अंतर्ज्ञानाला तज्ज्ञाचे लक्षण मानले. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये त्याचे टप्पे सांगितले : जाणवणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि मागे वळून पाहणे. डॉक्टर राऊंडला येऊन जातो, परिचारिका आठ तास तिथेच असते. तिचा निदानविचार म्हणूनच मुख्यतः तुलनेचा असतो. हाच माणूस तासापूर्वी कसा होता, यावर तो उभा राहतो. आजी कमी बोलू लागल्या, ताटातले अन्न तसेच राहिले, मुलाला ओळखायला क्षणभर वेळ लागला. यांपैकी शेवटची गोष्ट, नव्याने आलेला गोंधळ, २०१७ मध्ये न्यूज पद्धतीत अधिकृतपणे घेतली गेली.

अंतर्ज्ञान दगाही देते. पहिल्या कल्पनेलाच चिकटून राहणे ही त्यातली नेहमीची चूक. रात्री दारूचा वास येणारा, बरळणारा माणूस आला की ‘पिऊन आलाय’ असा शिक्का बसतो आणि डोक्याला मार लागला आहे का, साखर उतरली आहे का, हे बघायचे राहून जाते. यावर उपाय साधाच आहे : आपल्या अंदाजाच्या विरुद्ध जाणारी एखादी खूण मुद्दाम शोधणे.

पावसाळ्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. पहाटे चारला एका तरुणाला पोटात दुखते म्हणून आणले. ताप नाही, जुलाब नाहीत. पोट चाचपले तर मऊ, दाबून दुखत नाही. तक्रार मोठी आणि पोट निर्दोष, हा विसंवादच खरी खूण आहे. आता प्रश्न बदलतो : रात्री कुठे झोपला होता? जमिनीवर. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. सूज नसते, वण अनेकदा सापडत नाही आणि पोटदुखी हे पहिले लक्षण असू शकते. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात, म्हणून आता हात पोटावरून उठतो आणि नजर पापण्यांवर जाते. वर बघायला सांगायचे, मान उचलायला सांगायची, एका श्वासात किती अंक मोजता येतात ते बघायचे आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बघायचे. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवण्याची चाचणी घोणस आणि फुरसे यांच्यासाठी उपयोगी पडते. मण्यारीचे विष रक्त गोठण्यात अडथळा आणत नसल्याने इथे रक्त गोठले तरी सुटकेचा श्वास टाकायचा नाही. पापणी जड होऊ लागली की प्रतिविष आणि श्वासाला आधार देण्याची तयारी हवी.

हे सारे वरिष्ठांना फोनवर कळवताना ‘सर, पेशंट बरा नाही’ एवढ्याने भागत नाही. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझे मूल्यमापन, माझी शिफारस असा क्रम त्यासाठी रूढ झाला आहे. चौथ्या पायरीवर, ‘आपण आत्ता यावे असे मला वाटते’ हे म्हणताना, आपल्याकडची सिस्टर अजूनही अडखळते.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने नर्स प्रॅक्टिशनर या संवर्गाचा उल्लेख केला. त्याच सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा, निवासी स्वरूपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतिसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण ठरले. उपकेंद्रांवर नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत महाराष्ट्रात परिचर्या पदवीधरांबरोबर आयुर्वेद पदवीधरही आहेत आणि दोघांनाही सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर तपासणी करून निवडक औषधे द्यावी लागतात. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला. प्रशिक्षित नर्स प्रॅक्टिशनरसाठी स्वतंत्र पद, वेतनश्रेणी आणि औषध लिहिण्याचा अधिकार हे प्रश्न मात्र अभ्यासक्रमांच्या मागे रेंगाळले. त्यामुळे दोन वर्षे तपासणी शिकून आलेली परिचारिका पुन्हा जुन्याच हुद्द्यावर, जुन्याच ड्युटीत रुजू होते, आणि केसपेपरवर तिचे निदान दुसऱ्याच्या सहीने उमटते.