लॉफ्ट बेड की पोटमाळा? वर झोपण्याआधी छत मोजा

सुताराला 'खोली लहान आहे, वर झोपायची सोय करून द्या' एवढंच सांगितलंत तर तो दोनपैकी काहीही करून देऊ शकतो. एक म्हणजे चार उंच पायांवर उभा राहणारा पलंग, ज्याच्या खालच्या जागेत टेबल किंवा कपाट बसतं. दुसरं म्हणजे भिंतीत गर्डर रोवून, त्यावर फळ्या किंवा प्लाय टाकून केलेला अर्धा मजला. बोलताना दोन्हीला 'लॉफ्ट'च म्हणतात, कोटेशनवरही तेच लिहिलेलं असतं. पण पहिलं, म्हणजे लॉफ्ट बेड, फर्निचर आहे आणि दुसरं, म्हणजे पोटमाळा, बांधकाम. उंची किती लागेल, वजन कुठे जाईल, परवानगी कोणाची घ्यायची, घर सोडताना काय करायचं, हे सगळं त्या फरकावर ठरतं.

दोन गोष्टी आधीच बाजूला काढू. बंक बेडमध्ये वरही पलंग आणि खालीही पलंग असतो. दोन मुलांसाठी तो ठीक, पण जमीन मोकळी होत नाही. आणि बिल्डरने दरवाज्यावर किंवा स्वयंपाकघरात सात फुटांवर काढून दिलेला दोन फुटी स्लॅब हा बॅगा, जुनी भांडी आणि गणपतीची मखर ठेवण्यासाठी असतो. तो एका बाजूने भिंतीत धरलेला आणि पातळ असतो. पुढे प्लाय वाढवून त्यावर माणूस झोपवण्याची कल्पना कोणी सुचवली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता उंची, कारण निम्मा निकाल इथेच लागतो.

आधी लॉफ्ट बेड. माणसाला गादीवर ताठ बसता यावं म्हणून डोक्यावर साधारण ३६ इंच हवेत. आजच्या फ्लॅटमध्ये जमिनीपासून स्लॅबपर्यंत नऊ ते साडेनऊ फूट मिळतात. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. त्यातून बसण्याचे ३६, गादीचे ४ आणि प्लाय व फ्रेमचे मिळून ३ वजा केले की खाली ७१ इंच उरतात, म्हणजे पाच फूट अकरा इंच. बहुतेकांना खाली उभं राहता येईल. नऊ फुटी छत असेल तर हाच आकडा पाच फूट पाच इंचांवर येतो. मग खाली अभ्यासाचं टेबल छान बसतं, पण कपाटापुढे उभं राहून कपडे लावताना मान वाकवावी लागते. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर त्याचे चार-सहा इंच आणखी वजा. भिंतीलगत बीम खाली उतरला असेल आणि उशी त्याच्याखाली येणार असेल, तर माप बीमपासून घ्यायचं, स्लॅबपासून नाही. टेप लावताना लोक खोलीच्या मध्यावर उभे राहतात आणि नेमके इथे चुकतात.

पोटमाळ्याचा हिशोब निराळा. त्याच्याखाली घरातली माणसं दिवसभर वावरणार, स्वयंपाक करणार, म्हणून खाली सात फूट सोडावेच लागतात. गर्डर आणि फळी मिळून पाच इंच. वर नुसतं बसता-रांगता यावं म्हणून चार फूट. बेरीज साडेअकरा फुटांच्या आसपास जाते. वर उभं राहायचं असेल तर साडेतेरा फूटही पुरत नाहीत. म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये माणसाने राहायचा पोटमाळा होतच नाही. कोणी 'होतो' म्हणालं तर तो खालच्या माणसाची उंची कापून होतो. जुन्या चाळी, पेठांतले कडीपाटाचे वाडे, कौलारू घरं आणि उंच छताचे गाळे ही त्याची खरी जागा. गिरणगावातल्या खोल्यांत तो एवढा रुळला तो उगीच नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत लग्न झालेला मुलगा, शिकणारी मुलगी आणि म्हातारे आईवडील यांना जमिनीवर वेगवेगळे कोपरे काढून देणं शक्य नाही. अशा खोलीत माणसं वर सरकतात. त्याच बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. जमीन तिपटीहून जास्त झाली, पण छत सामान्य फ्लॅटचं. जुन्या खोलीतली वरच्या मजल्याची सवय तिथे नेता येत नाही. लॉफ्ट बेड नेता येतो.

पंख्याचा विचार मात्र कोणी करत नाही, आणि मला विचाराल तर लॉफ्ट बेडची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. नेहमीचा छताचा पंखा १२०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. खोली दहा बाय दहाची आणि पंखा मधोमध असेल, तर पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर येतं. सिंगल पलंगाची रुंदीही तीन फूट. नऊ फूट रुंदीच्या खोलीत तर पंख्याचा अर्धा फूट पलंगावरच फिरतो. पाती छतापासून फूट-सव्वा फूट खाली असतात. वरच्या हिशोबाने गादीपासून ती जेमतेम दोन फुटांवर. झोपेत हात वर ताणला, सकाळी उठून टी-शर्ट डोक्यातून काढला, की काय होईल ते सांगायला नको.

उशी कोपऱ्याकडे ठेवली की डोकं पंख्यापासून दूर राहतं, हे खरं. पण मग शिडी पायाकडच्या टोकाला येते आणि चढता-उतरताना माणूस पंख्याच्या जवळ जातो. म्हणून लॉफ्ट बेड ठरला की छताचा पंखा काढून भिंतीवरचा बसवा, किंवा निदान ९०० मिलिमीटरचा घ्या आणि हूक दुसरीकडे सरकवून घ्या. स्लॅबमध्ये नवा हूक मारणं हे इलेक्ट्रिशियनने 'साहेब, दहा मिनिटांचं काम' म्हणावं असं काम नाही. फास्टनर कुठला आणि किती खोल, ते विचारा. पोटमाळ्यात हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथे छताला पंखा लावायची उंचीच नसते, म्हणून वर टेबलफॅन आणि खाली दुसरा पंखा अशी दोन स्वतंत्र सोय लागते.

वजनाकडे वळू. लॉफ्ट बेडचं सगळं वजन चार पायांतून जमिनीवर उतरतं. फ्रेम, गादी आणि एक माणूस मिळून दीडशे-दोनशे किलो धरा. एका पायावर पन्नास किलो. घराचा मजला साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून डिझाइन केलेला असतो, त्यामुळे स्लॅबची चिंता नाही. टाइल्स फुटू नयेत म्हणून पायाखाली लोखंडी पट्टी आणि रबर द्यायचं, एवढंच. लॉफ्ट बेडचा त्रास वजनाचा नसून हलण्याचा असतो. पाय जितके उंच, तितका तो डुलतो. वर कूस बदलली की खाली टेबलावरचा पेला सरकतो. उपाय जुनाच: पायांना जोडणारी एक तिरपी पट्टी, आणि भिंतीला दोन ठिकाणी पक्कं धरणं. ही पकड फक्त डुलणं थांबवण्यासाठी असते, वजन घेण्यासाठी नाही, हे फॅब्रिकेटरला नीट सांगा. काही जण पुढचे दोनच पाय देऊन मागची बाजू भिंतीला टांगतात. तसं केलंत की तुमचा पलंग हळूच पोटमाळ्याच्या जातीत गेला, आणि त्याचे सगळे प्रश्न सोबत आले.

पोटमाळ्याचं वजन भिंती घेतात. दहा बाय आठचा पोटमाळा म्हणजे जवळपास साडेसात चौरस मीटर. त्याच मापाने दीड टन भार धरायला हवा, शिवाय लोखंड आणि लाकूड वेगळं. भिंत कसली आहे हा पहिला प्रश्न. जुन्या चाळीत किंवा वाड्यात जाड विटांची भिंतच इमारत तोलून धरते, आणि तिच्यात गर्डरसाठी खाच पाडणं म्हणजे त्या तोलण्यालाच हात घालणं. त्या भिंतीचं पलीकडचं तोंड शेजाऱ्याचं असतं, हेही लोक विसरतात. आरसीसी इमारतीत वजन कॉलम आणि बीम घेतात. मधल्या चार-सहा इंची भिंती नुसत्या आडोशाच्या. त्यांवर दीड टन टेकवायचा नसतो. एएसी ब्लॉकची हलकी भिंत असेल तर साधा रावळप्लगही नीट धरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीयरला न दाखवता पोटमाळा घालू नये, आणि वाड्याचं वय शंभरीकडे झुकलेलं असेल तर बहुतेकदा उत्तर 'नको' असंच येईल.

कायद्याच्या नजरेतही दोघांची घरं वेगळी. राष्ट्रीय इमारत संहितेत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची, जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीची जागा. माणसांसाठीचा मधला मजला मेझनाईन ठरतो, आणि त्याला किमान २.२ मीटर उंची लागते. मुंबईत २०३४ पर्यंतची विकास नियंत्रण नियमावली आहे, उरलेल्या बऱ्याच शहरांत २०२० ची एकत्रित नियमावली. पोटमाळा घालण्याआधी आपल्या वॉर्डात काय चालतं ते आर्किटेक्टकडून काढून घ्या. मुंबईत विनापरवाना कामाला पालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५१ ची नोटीस येते, आणि ती यायला बहुधा शेजाऱ्याचा एक अर्ज पुरतो.

पागडीच्या खोलीत आणखी एक धोका आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर ते खोली खाली करून मागायचं कारण होऊ शकतं. लाकडी पार्टिशन, ओटा, फॉल्स सीलिंग अशा काही गोष्टी कायद्यानेच त्यातून वगळल्या आहेत. पोटमाळा त्या यादीत नाही. असे वाद कोर्टात गेले की बांधकाम भिंतीत किती रुतलंय आणि मोडतोड न करता काढता येतं का, हे पाहिलं जातं. बोल्टने जोडलेला, स्वतःच्या पायांवर उभा असलेला पलंग या भांडणात येतच नाही. भाड्याने राहणाऱ्याने, पेठेत खोली घेऊन शिकणाऱ्याने, दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्याने पोटमाळ्याचा विचारही करू नये, हे माझं मत ठाम आहे.

राहण्याच्या दृष्टीने दोघांत एक साम्य आहे: उकाडा. गरम हवा वर जाते, आणि शेवटच्या मजल्यावर असाल तर मे महिन्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. लॉफ्ट बेड सगळ्या बाजूंनी उघडा, त्यामुळे निदान खिडकीची झुळूक पोचते. पोटमाळा तीन बाजूंनी बंद असतो, आणि खिडकी बहुतेकदा खाली राहून जाते. खाली फोडणी पडली की वरच्याला आधी कळतं. दुसरी गोष्ट आगीची. पोटमाळ्यावरून उतरायला एकच भोक आणि एकच शिडी. धूर आधी वरच साचतो. त्या शिडीखाली गॅसची शेगडी ठेवलेली घरं कमी नाहीत. कोकणातल्या घरांचा माळा भात, लाकूड, नारळ ठेवायला असे, त्यामुळे तिथे हवा खेळली नाही तरी चालून जाई. माणूस झोपवायचा तर एक झरोका तरी काढाच.

मुलांसाठी लॉफ्ट बेड घेणाऱ्यांनी कठड्याकडे बघावं. अमेरिकेतल्या नियमांत ज्या पलंगाचा तळ जमिनीपासून ३० इंचांहून वर आहे, तो बंक बेडमध्येच धरतात, आणि वर सहा वर्षांखालचं मूल झोपवू नये असं सांगतात. कठडा गादीच्या वर किमान ५ इंच हवा, आणि आडव्या पट्ट्यांतली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको, नाहीतर अंग बाहेर सरकून डोकं अडकतं. आपल्याकडे होतं असं, की सुतार चार इंची गादीच्या हिशोबाने कठडा करतो आणि घरचे दिवाळीच्या सेलमध्ये आठ इंची स्प्रिंगची गादी आणतात. कठडा गादीत बुडतो, आणि डोक्यावरचे चार इंचही जातात. वरच्या पलंगाला पातळ काथ्याची गादीच बरी. खाली अखंड प्लाय असेल तर त्याला भोकं पाडून घ्या. पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते आणि एवढ्या उंचावर ती रोज उलटून बघायला कोणी जात नाही.

शिडी सरळ उभी असली की जागा वाचते आणि गुडघे दुखतात. ड्रॉवरच्या पायऱ्या चढायला सोप्या, पण त्या दीड फूट रुंद आणि तीन-चार फूट लांब जागा खातात, म्हणजे वाचवलेल्या जमिनीतला मोठा तुकडा गेला. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला दोन्ही सोयी नकोत. त्याच्यासाठी खालची जागा राखून ठेवा आणि वर तरुणांना पाठवा. चादर बदलताना वर गुडघ्यांवर रांगावं लागतं, हे त्या तरुणांना आधीच सांगून टाका.

लॉफ्ट बेड करून घ्यायचा ठरलाच, तर फॅब्रिकेटरला अख्खा पलंग वेल्डिंग करून आणू देऊ नका. सव्वासहा फुटांची बाजूची फ्रेम, दोन पायांच्या जोड्या, कठडा आणि शिडी असे सुटे भाग करून ते बोल्टने घरात जोडायला सांगा. जिन्याच्या वळणावर सव्वासहा फुटी फ्रेम वळते का, तेही त्याने मोजून जावं. जुन्या इमारतींच्या जिन्यात ती पहिल्याच मजल्यावर अडते. बोल्टना नायलॉनचे लॉक-नट लावून घ्या, कारण साधे नट डुलण्याने सैल होत जातात, आणि पाना शिडीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवा.