फाटलेली प्लीहा आणि टाळलेलं ऑपरेशन

पावसात दुचाकी घसरून हँडल डाव्या बरगडीखाली रुततं, नाहीतर एखादा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावरून पडतो. बाहेरून पोटावर जेमतेम एक वळ दिसतो. दुखतो मात्र डावा खांदा. खांद्याला लागलेलं काहीच नसतं. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतं, आणि त्या पटलाच्या नसा मानेत खांद्याच्या नसांशेजारीच उगम पावतात. अशा वेळी डॉक्टरांना पहिला संशय येतो प्लीहेचा, म्हणजे पानथरीचा.

हा अवयव जेमतेम दीडशे ग्रॅमचा, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे 5 टक्के त्यातून जातं. टाके घालायला जावं तर पिकलेली पपई शिवण्यातला प्रकार. म्हणून पूर्वी फाटलेली प्लीहा सरळ काढून टाकत. तिच्यावाचून माणूस जगतो, हे खरंच. पण प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग होतो, हे किंग आणि शूमाकर यांनी 1952 मध्ये दाखवलं. पुढे 1968 मध्ये टोरांटोहून उपाध्याय आणि सिम्पसन यांनी मुलांमधल्या प्लीहेच्या दुखापतींचा अभ्यास मांडला, आणि ऑपरेशनशिवायही ती भरून येते हा विचार बळावला. मोठ्यांच्या बाबतीत हे पटायला बराच काळ गेला. सीटी स्कॅन आल्यावर धीर आला.

स्कॅनवर जखमेला 1 (किरकोळ) ते 5 (सर्वांत गंभीर) ग्रेड देतात. नातेवाईक ग्रेडच धरून बसतात, पण निर्णय मुख्यतः नाडी आणि रक्तदाबावर होतो. सलाईन, रक्त देऊनही दाब टिकत नसेल किंवा आतडं फाटल्याची लक्षणं असतील, तर थेट ऑपरेशन थिएटर. दाब स्थिर असेल तर जखम बरीच मोठी असली तरी प्लीहा राखता येते. रक्त झिरपताना दिसलं तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून ती रक्तवाहिनी आतूनच बुजवतात.

‘नुसतं झोपवून ठेवलंय’ ही तक्रार बांबोळीच्या गोमेकॉपासून (गोवा मेडिकल कॉलेज) कुठल्याही इस्पितळात ऐकू येईल. खरं तर ऑपरेशन न करणं जास्त कष्टाचं. तरुण रुग्णाचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो; त्याआधी वाढते ती नाडी. म्हणून नाडी पुन्हा पुन्हा मोजायची, हिमोग्लोबिन ठराविक तासांनी तपासायचं, सुरुवातीला उपाशी ठेवायचं. रात्री दोन वाजताही सर्जन, रक्तपेढी आणि थिएटर हाताशी हवं. हे नसलेल्या छोट्या नर्सिंग होममध्ये असा रुग्ण ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

घरी गेल्यावरही काही दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. गोव्यातल्या पोरांना जड जातं ते फुटबॉल थांबवणं. मुलांसाठी रूढ हिशेब असा: ग्रेडचा आकडा अधिक 2, तितके आठवडे मैदान बंद.

प्लीहा काढावीच लागली तर साधारण 14 दिवसांनी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी देतात. अशा माणसाला मलेरियाही जास्त बाधतो, आणि कुत्र्याचा चावा नुसता धुऊन भागत नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबू नये. त्याच रात्री इस्पितळात जाऊन प्लीहा काढल्याचं आधी सांगावं.